सोडून दिलेले मासे

१६ ऑगस्ट, शनिवार

ही वही हेमचंद्रकाकांनी दिली. पानापानावर छापील रकाने आहेत: पाण्याचं तापमान, टर्बाइन किती चालू, आमिष कोणतं, मासे किती. काका म्हणाले, "वर्षभर इमानदारीने भर, मग तळं कळायला लागेल. इथलं पाणी हवेचं ऐकत नाही, धरणाचं ऐकतं."

ते खरं आहे. बाहेर अंगाची लाही होत असताना लेक कार्डरमध्ये पाय घातला की हाडापर्यंत गारठा चढतो. वर मोठं धरण, आठ मैल खाली छोटा बंधारा, आणि मधे हे नदीसारखं लांबट तळं. धरणाच्या तळातलं थंड पाणी यात सोडतात, म्हणून आर्कान्सासारख्या उष्ण राज्यात ट्राउट जगतात. वीज करायची वेळ झाली की भोंगा वाजतो, पाणी चढायला लागतं, आणि पात्रात उभे असलेले सगळे मुकाट्याने काठाला येतात.

आज: पाणी ५२ (फॅरनहाइट). टर्बाइन शून्य. मासे शून्य. काकांना चार.

रकाने भरले तरी अर्धं पान उरलं. त्यावर जे लिहीन ते काकांना दाखवणार नाही.

मी इथे पंधरा महिने एकटा राहतो. गेल्या वर्षी पश्चिम किनाऱ्यावरच्या फ्रीमाँटमधली नोकरी गेली. व्हिसामुळे साठ दिवसांत दुसरी शोधणं भाग होतं, आणि मिळाली ती इथे, दुकानांच्या एका साखळीच्या हेड ऑफिसात. उत्तराची नोकरी तिकडे, इशिताची शाळा तिकडे. मीच म्हटलं, तुम्ही हलू नका. त्याग वगैरे नव्हता तो, तेव्हा तेच शहाणपणाचं होतं. पण बायको-मुलीला आपल्या नोकरीमागे फरफटत नेणाऱ्यांतला मी नाही, एवढं तरी मला स्वतःबद्दल बरं बोलता येतं.

२४ ऑगस्ट, रविवार

पाणी ५२. टर्बाइन एक. आमिष: दुकानात डबीत मिळते ती पिवळी कणीक. मासे: १. सोडला.

आयुष्यातला पहिला मासा. हातात गार, गुळगुळीत, अंगावर गुलाबी पट्टा. माझ्या घरात सात पिढ्यांत कुणी मासा खाल्लेला नाही, त्यामुळे त्याला घरी नेण्याचा प्रश्नच नव्हता. पाण्यात धरला, बोटं सैल केली, आणि तो सटकन गेला. खरं सांगायचं तर पकडण्यापेक्षा तो सोडण्याचा क्षण मला जास्त आवडला.

काकांना हसू आवरेना. ते मूळचे वेंगुर्ल्याचे, इथल्या गावात चाळीस वर्षं सर्जन होते. सुलेखाकाकू गेल्यापासून एकटेच असतात. म्हणाले, "मासे पकडतोस की त्यांना सहलीला काढतोस रे परीक्षित?"

संध्याकाळी उत्तराचा फोन. तिच्या मॅनेजरने मान्य केलंय, जानेवारीपासून ती कुठूनही काम करू शकेल. फ्रीमाँटच्या घराचं लीज डिसेंबरअखेर संपतंय. पुढची दोन वर्षं ते घर ठेवायचं की सोडायचं, हे पंधरा नोव्हेंबरच्या आत कळवायचं. इशिता दहावीत आहे, तिला हलवायचं तर आत्ताच, नाहीतर मग थेट कॉलेजला जाईपर्यंत नाही.

"तुला काय वाटतं?" तिने विचारलं.

"तुम्हा दोघींना बरं वाटेल तसं करा. मला दोन्ही चालेल."

ती म्हणाली, "बरं." माझ्याकडून दबाव नाही हे कळल्यावर तिला हलकं वाटलं असावं.

६ सप्टेंबर, शनिवार

पाणी ५४. टर्बाइन शून्य. आमिष: गांडूळ. मासे: ७. सोडले: ७.

काका दोन महिन्यांसाठी मुलीकडे, अंतराकडे, ओहायोतल्या डब्लिनला गेले. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढायचेत. जाताना मला गळाला दोरा-पिसं गुंडाळून केलेल्या, डासाएवढ्या कृत्रिम माश्यांची डबी देऊन गेले, पण त्या दोऱ्याला बांधताना माझी बोटं रडकुंडीला येतात. धक्क्यावरच्या दुकानातली बाई म्हणाली, पाणी स्थिर आहे तोवर अर्धं गांडूळ लाव, तळापासून वीतभर वर तरंगू दे, आणि ओढ बसली तरी घाई करू नकोस, नीट खाऊ दे. तसं केलं आणि सातजण आले.

गांडुळाचं वाईट वाटलं, ते इथे नोंदवतो. मासे मात्र एकूण एक सोडले. तिघांच्या तोंडात गळ दिसतच नव्हता, पार आत गेला होता. चिमट्याने, पाण्याखालीच, जमेल तेवढ्या हळू काढला. दोघांना थोडं रक्त आलं, पण पोहत गेले. शेजारचा एक म्हातारा अमेरिकन पाच मासे दोरीला ओवून घेऊन गेला. मला त्याची कीव आली. मग त्या कीव येण्याचीही लाज वाटली.

१४ सप्टेंबर, रविवार

गेलो नाही. दिवसभर उत्तरासाठी तक्ता केला. डावीकडे मुद्दे: शाळा, मैत्रिणी, उत्तराचं ऑफिस, हवामान, मराठी मंडळ, विमानतळ, असे चौदा. उजवीकडे दोन रकाने, फ्रीमाँट आणि इथे. प्रत्येकाला गुण. इथल्या शाळेला खरे तर सात द्यावेसे वाटत होते, पण माझ्या स्वार्थाने जास्त पडतील म्हणून पाच दिले. तिला पाठवला, दोघांनाही उघडून लिहिता येईल असा.

तिचा लगेच फोन आला. "यात तुझा रकाना नाही."

"मुद्दाम नाही ठेवला. माझं मत आलं की तुमचा निर्णय मोकळा राहत नाही."

"परीक्षित, मी ऑडिटर मागितला होता का?"

मी हसलो. ती नाही हसली. कामाचा ताण असेल, तिचं मोठं रिलीज जवळ आलंय.

२७ सप्टेंबर, शनिवार

पाणी ५७. टर्बाइन शून्य. आमिष: गांडूळ. मासे: ९. सोडले: ९.

धक्क्याच्या फळ्यावर कागद लावलाय: शरद ऋतूत धरणाच्या तळच्या पाण्यात प्राणवायू कमी होतो, तेव्हा मासा सोडायचा असेल तर तो झटपट सोडा. मासे खरंच दमल्यासारखे आहेत. ओढ अशी नाहीच, पिशवी ओढल्यासारखे येतात. एकजण सोडल्यावर आडवा झाला. त्याला सरळ करून प्रवाहाकडे तोंड करून धरलं, कल्ले हलेपर्यंत. मग गेला. बहुधा गेला, कारण तेवढ्यात भोंगा झाला आणि मला काठावर यावं लागलं.

आठवडाभर ऑफिसबाहेर कुणाशी बोललो ते मोजलं. धक्क्यावरच्या दुकानातली बाई, दोनदा.

११ ऑक्टोबर, शनिवार

मासे: ११. सगळे सोडले.

उत्तराने इथल्या एका घराचा फोटो पाठवला, माझ्या ऑफिसपासून दहा मिनिटांवरचं. "अंगण बघ ना! पारिजातक लावता येईल?"

मी चौकशी करून कळवलं की इथल्या थंडीत पारिजातक टिकणार नाही. शिवाय त्या भागातली शाळा फ्रीमाँटच्या तोडीची नाही, हेही सांगितलं. गोड चित्र रंगवून तिला भुलवल्यासारखं नको व्हायला.

तिने अंगठा पाठवला. त्यानंतर फोटो नाहीत.

२० ऑक्टोबर, सोमवार

लक्ष्मीपूजन. ऑफिसातून लवकर आलो, व्हिडिओवर पूजेला बसलो. फोन त्यांनी फळांच्या ताटाला टेकवून ठेवला होता, त्यामुळे मला मुख्यतः केळी दिसत होती. उत्तरा ताट घेऊन आत गेली तेव्हा इशिताने फोन उचलला. मी विचारलं, इकडे यायचं झालं तर तुला फार वाईट वाटेल का, खरं सांग.

"इट्स ओके, बाबा. मॉम सेज यू लाइक इट देअर. यू हॅव युअर फिश."

"असं म्हणाली?"

"आय मीन, यू नेव्हर सेड यू डोन्ट." मग तिच्या मैत्रिणीचा फोन आला.

किती समजूतदार झालीय. फोन ठेवल्यावर वाढून घेतलेलं ताट समोर होतं, पण मी ते तसंच झाकून ठेवलं. का ते लिहायला बसलो होतो. येत नाही.

२ नोव्हेंबर, रविवार

काका काल परतले. आज त्यांना ही वही नेली, म्हणजे रकान्यांच्या पानांच्या झेरॉक्स नेल्या, उरलेला मजकूर झाकून. मधल्या सगळ्या फेऱ्या धरून एकूण ६४ धरले, ६४ सोडले. मला शाबासकी हवी होती, हे कबूल करतो.

काकांनी नव्या डोळ्यांनी पानं चाळली. "गांडुळावर?"

"हो."

"गळ कुठे असायचा?"

"बऱ्याचदा आत. पण मी अगदी हळू काढत होतो."

ते उठले, काठी घेतली. "चल."

धक्क्याच्या मागे, जिथे प्रवाह पोचत नाही, तिथे पाण्याला पांढरी साय धरल्यासारखं दिसत होतं. ती सात-आठ माशांची पोटं होती. काकांनी जाळीने एक ओढला, लाकडावर ठेवला, खिशातला चाकू काढला आणि इतक्या सफाईने चीर दिली की मला त्यांचे हात चाळीस वर्षांपूर्वीचे दिसले. "बघ. अन्ननलिका इथून इथवर फाटलीय. पोट रिकामं. दोन-तीन दिवस जगला असेल, उपाशी."

"पण काका, हा माझाच कशावरून?"

"इथे गांडूळ लावणारे सगळे जण मासा घरी नेऊन तळतात. गांडूळ गिळलेला मासा परत पाण्यात सोडणारा या अख्ख्या तळ्यावर दुसरा कोण आहे?"

काकांनी चाकू पाण्यात धुतला.

"आमिष लावायचं तर खायचं. सोडायचा असेल तर कृत्रिम माशी, गळ ओठातच राहतो. आणि गिळलाच असेल तर ओढायचं नाही, दोरा कापायचा. त्यातून या दिवसांत पाण्यात प्राणवायू नाही. अरे, फोन करून विचारायचंस तरी!"

"तुम्हाला त्रास कशाला, म्हटलं. डोळ्यांचं चाललं होतं."

"डोळे काढले होते, कान नव्हते."

३ नोव्हेंबर, सोमवार

चौसष्टांतले किती मेले? कुणाच्या घशात गळ किती खोल गेला हे मी लिहिलंच नाही. आठवून आठवून बावीस धरले. तीसही असतील. प्रत्येकाला निरोप देताना माझ्या चेहऱ्यावर काय भाव असतील ते डोळ्यांसमोर येतं आणि वही मिटावीशी वाटते. तो दोरीत मासे ओवून नेणारा म्हातारा माझ्यापेक्षा बरा होता. त्याने मारले ते मारायचे म्हणून मारले.

उत्तराला हे सांगायचं होतं. पण तिला लीजचा निर्णय घ्यायचाय, त्यात माझं रडगाणं नको.

८ नोव्हेंबर, शनिवार

पाणी ५६. टर्बाइन शून्य. आमिष: गांडूळ. मासे: १. सोडला नाही.

काकांनी बजावलं होतं, "आज माझ्या जेवणासाठी एक पकडायचा. मी हात लावणार नाही."

तासाभराने ओढ बसली. चौदा इंचांचा. गळ पार आत. मी त्याला जाळीत धरून उभा राहिलो. मारवत नव्हता, सोडता येत नव्हता. दोरा कापून सोडला तर कदाचित जगेल, पण या पाण्यात नाहीच जगणार, आणि जगलाच तर...

"ठरव लवकर," काका ओरडले. "तुझा विचार होईपर्यंत तो गुदमरतोय!"

लाकडी दांडकं घेतलं. दोन घाव लागले, एकात व्हायला हवं होतं.

काकांनी तो रव्यात घोळवून तळला. मी खाल्ला नाही. "नसेल खायचा तर समोर तरी बस," म्हणाले. बसलो. माझ्यासाठी त्यांनी खिचडी टाकली होती, ती जेवलो.

"बायको-मुलगी कधी येतायत?" काकांनी विचारलं.

"तिचं ठरतंय अजून."

"आणि तुझं?"

"मी तिच्यावरच सोपवलंय."

"कधीपासून?"

"ऑगस्टपासून."

काका काटे काढत राहिले. एकेक काटा ताटलीच्या कडेला लावत होते, अगदी सरळ रांगेत. मासा चांगला झाला असावा.

१२ नोव्हेंबर, बुधवार

तीन दिवस उरलेत, तेव्हा उत्तराने काही ठरवलंय का बघावं म्हणून संध्याकाळी तो तक्ता उघडला. मी पाठवल्यानंतर तो पुन्हा कधी उघडलाच नव्हता. तिसरा रकाना होता. वर तिने लिहिलं होतं, "परीक्षित". खाली चौदाच्या चौदा घरं रिकामी. तारीख पाहिली: १५ सप्टेंबर. म्हणजे तक्ता पाठवल्याच्या दुसऱ्याच दिवशी. दोन महिने ती घरं माझी वाट बघत होती, आणि मी तिच्या निर्णयाची.

पहिल्या घरात टाइप करायला गेलो. "शाळा". मला शाळेबद्दल काहीच म्हणायचं नव्हतं. कशाबद्दलच म्हणायचं नव्हतं. फोन लावला.

"उत्तरा, तुम्ही इकडे या."

"काय झालं? बरा आहेस ना?"

"बरा आहे. नाही, बरा नाहीये. आजारी वगैरे नाही. तुम्ही दोघी मला इथे हव्या आहात. पहिल्या महिन्यापासून हव्या होतात."

तिकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"मी सोमवारी सही केली," ती म्हणाली. "दोन वर्षांची."

"ठीक आहे," मी म्हटलं.

शब्द तोंडातून गेले आणि मला ते लाकडावर चिरलेला मासा पाहावा तसे दिसले. अठरा महिने, कदाचित लग्नाची सतरा वर्षं, मी हेच शब्द देत आलो होतो, आणि प्रत्येक वेळी मनात स्वतःची पाठ थोपटून घेत होतो.

"नाही, उत्तरा. ठीक नाहीये. मला अजिबात ठीक वाटत नाहीये."

तिच्या घशातून आवाज आला. हसली की रडली, कळलं नाही.

"तुला माहितीये मी काय समजत होते?" ती म्हणाली. "मला वाटलं तू सुटलास. आम्हाला कळू न देता, सभ्यपणाने. इशिताला मी काय सांगायचं? म्हटलं, बाबाला तिकडे आवडतं."

"मी तुला मोकळं ठेवत होतो."

"मोकळं? अरे, मी एकटी होते!" मग हळू म्हणाली, "मला विचार करू दे. मी करते फोन."

१३ नोव्हेंबर, गुरुवार

नाही आला.

१५ नोव्हेंबर, शनिवार

नाही आला. तळ्यावर गेलो नाही. काकांचा फोन, "माशी बांधायला शिकवतो, ये." म्हटलं, आज घरी थांबतो. "फोनपाशी?" हो म्हटलं. "थांब," म्हणाले.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

सहा दिवस. "मी करते" म्हणाली होती, म्हणजे तिला वेळ द्यायला हवा. तिच्या विचारात लुडबुड नको. आजची नोंद मी अशीच सुरू करणार होतो. तीन वाक्यं लिहून झाली आणि वाचून पाहिली. ती ऑगस्टमध्येही अशीच्या अशी लिहिली असती.

दुपारी जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून फोन लावला. तिसऱ्या रिंगला उचलला. आवाज दबका. "मीटिंग सुरू होतेय, परीक्षित. लॅपटॉप चालू आहे समोर."

"मग मी थांबतो."

"फोनवर?"

"हो."

"अर्धा तास लागेल."

"लागू दे."

वाटलं आता ठेवेल. तिने ठेवला नाही. टेबलावर फोन टेकवल्याचा ठक आवाज आला, आणि मग ती लांबून, तिच्या ऑफिसच्या आवाजात, "कॅन एव्हरीवन सी माय स्क्रीन?" तो आवाज मी किती दिवसांत ऐकला नव्हता. कुणीतरी तारखांवरून वाद घालत होतं. एकदा तिने त्याला असं कापलं की मी गाडीत एकटाच हसलो, आणि लगेच तोंडावर हात धरला, तिकडे ऐकू जाईल म्हणून. मधे तिने चहाचा घोट घेतला. मधे बाहेरून कचऱ्याचा ट्रक गेला, आमच्या गल्लीत मंगळवारी येतो तो. माझी सुट्टी संपली. वर जायला हवं होतं, गेलो नाही. साहेबाला निरोप पाठवला की उशीर होईल. कारण लिहिलं: घरचं काम.

सव्वीस मिनिटं झाली. सगळ्यांचे बाय झाले, मग लॅपटॉप मिटल्याचा आवाज. फोन मात्र तिने लगेच उचलला नाही. टेबलाशी तिचा श्वास ऐकू येत होता.

"आहेस?" तिने विचारलं.

"आहे," मी म्हटलं.